पायांखालचा वेळू

गेल्या मार्गशीर्षात जुन्नरहून घाटघरास जाणाऱ्या एसटीत बसलो असता माझ्या भाचीच्या पिशवीत वीतवीत लांबीच्या तीन पट्ट्या होत्या. एक मधाच्या रंगाची, दुसरी कॉफीच्या रंगाची, आणि तिसरी तंतू तंतू एकमेकांत दाबून घट्ट केल्यासारखी, दोहोंच्या मधल्या रंगाची. पुण्यातील तिच्या घरात चाळीस वर्षांपूर्वी बसविलेली शहाबादी फरशी आहे, तिच्या दोन लाद्या फुटल्या आहेत, आणि त्या निमित्ताने सबंध घराची जमीनच बदलून टाकावी, ती बदलताना सागवान नको, संगमरवर नको, चकचकीत टाइल्सही नकोत, तर बांबूची जमीन करावी, असे तिच्या मनाने घेतले होते. दुकानदाराने दिलेल्या पत्रकात टिकाऊपणाची वर्षे ठळक आकड्यांत छापली होती आणि त्यांच्याखाली एक हिरवे पान काढले होते. आपटाळे मागे पडून गाडी वळणे घेऊ लागली तेव्हा ती म्हणाली, "मामा, तुम्ही एवढे ग्रंथ वाचता, एकदा सांगून टाका, हे घेतले तर मनाला टोचणी राहणार नाही ना?"

मी प्रथम हसलो आणि मग गप्प बसलो, कारण काठिण्याची प्रौढी, ओलीला पट्टी फुगते की न फुगते याची चर्चा, चौरस फुटाचा दर, या सर्वांच्या आड तिने जे विचारले होते ते गवंड्याच्या किंवा सुताराच्या अखत्यारीतले नव्हते. आपण राहतो म्हणून कशाचा तरी नाश होतो ही जाणीव जिला झाली आहे अशा गृहिणीला त्या नाशाचे धनीपण न घेता घर करता येईल काय, असा तो प्रश्न होता. आणि पत्रकावरचे हिरवे पान जितके नवे आहे तितका तो नवा नाही.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्यांना पंचसूना म्हणतात, आणि सूना या शब्दाचा अर्थ खाटिकखाना असा निःसंकोच आहे. त्या स्मृतीतील पुष्कळ वचने आज आपणांस मान्य होण्यासारखी नाहीत, आणि ती अमान्य करणाऱ्यांत मीही आहे. परंतु भुईवरून फिरणाऱ्या केरसुणीखाली ज्याला मुंग्यांची नि किड्यांची हत्या दिसली, आणि ती दिसूनही ज्याने केरसुणी टाकून देण्याचा उपदेश केला नाही, त्याच्या नजरेचे मला अद्याप नवल वाटते. त्याने उपाय सांगितला तो पाच महायज्ञांचा: अध्यापन, पितरांचे तर्पण, होम, भूतमात्रांना बली आणि अतिथीचा सत्कार, आणि हे सारे एकदा करून मोकळे होण्याचे नव्हे, तर रोजच्या रोज करावयाचे. आज जे घेतले ते आज काही अंशी परत करावे, उद्याचे उद्या. सुखवस्तू माणसाला हा व्यवहार जाचक वाटतो. त्याला आपल्या घराची भुई इनामी हवी असते. एकदा काय ते मोजून सारामाफीची सनद मिळवावी आणि पुढे पिढ्यानपिढ्या कोणी वसुलीस येऊ नये, अशी त्याची मनीषा असते. पत्रकावरचे ते पान म्हणजे अशी सनदच आहे. शास्त्रकाराच्या दप्तरी मात्र सर्व भुई रयतावा. तिच्यावर सारा आहे, आणि तो चुकत नाही.

घाटघर हे नाणेघाटाच्या तोंडाशी, जीवधन किल्ल्याच्या कुशीत वसलेले गाव. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळ्यांची. पावसाळ्यात इतका पाऊस की चार महिने ढग घरातून जा-ये करतात, आणि चैत्रात पाण्याचा हंडा लांबून आणावा लागतो. भात, नाचणी, वरई आणि रानातला हिरडा यांवर गावाचा चरितार्थ. ज्या घरी आम्ही उतरलो ते आता अर्धे जुने आणि अर्धे नवे आहे: पुढची खोली विटांची नि सिमेंटच्या कोब्याची, मागची कारवीच्या कुडाची नि शेणाने सारवलेल्या भुईची. त्या भुईवर हाताच्या बोटांनी उमटलेल्या अर्धवर्तुळांच्या ओळी इतक्या नेमक्या होत्या की माझ्यासारख्या, अक्षर वाईट असलेल्या माणसाला लाज वाटावी. सारवण दर आठ दिवसांनी, सणावाराच्या आधी, आणि घरात सोयर-सुतक झाल्यावर. या भुईला कोणी किती वर्षांची हमी दिली आहे असे विचारले तर उत्तर आठ दिवस असे द्यावे लागेल, आणि तरीही ती त्या घरच्या म्हातारीच्या सासूच्या सासूच्या वेळची आहे. जिचा वरचा थर दर आठवड्याला नवा होतो ती भुई जुनी की नवी, हा वाद मिलिंदपञ्हातील दिव्याच्या ज्योतीच्या चर्चेत नागसेनाने राजापुढे मांडला होता त्याच जातीचा आहे, आणि घाटघरातील बायकांनी तो न बोलता निकालात काढलेला आहे.

घरची म्हातारी ओटीवर बसली होती. भाचीने त्या तीन पट्ट्या तिच्या हाती दिल्या. तिने एकीवर नखाने ठोकले, कानाशी धरले, मग नाकाशी नेले.

"कळकच हाये," ती म्हणाली, "पर वास भलताच येतो. पोरी, ह्याचं बेट कुठं हाये?"

"ते दुकानदाराने नाही सांगितले, आजी. परदेशातून येते म्हणाला."

"मंग तोडणारानं कवळं ठिवलं का न्हाई, ते तुला कसं कळायचं?"

मी ज्या प्रश्नाभोवती एसटीत तासभर संस्कृत घिरट्या घालीत होतो त्याच्या मध्यभागी ही बाई दोन वाक्यांत जाऊन बसली. तिचे म्हणणे शहरवासी वाचकास उलगडून सांगणे अवश्य आहे. बांबू हे झाड नव्हे, तृण आहे. ज्या जाडीने कोंब भुईबाहेर येतो तीच जाडी त्याला जन्मभर राहते. एका पावसाळ्यात तो आपली पूर्ण उंची गाठतो, आणि मग तीन-चार वर्षे उंची न वाढविता आतल्या आत पक्का होत जातो. आपल्याकडील कळक बेटाने वाढतो. नवे कोंब बहुधा बेटाच्या बाहेरच्या अंगाला येतात, जून झालेले मध्ये राहतात, आणि जे जून झाले ते वेळेवर काढले नाहीत तर बेट आपल्याच दाटीत गुदमरते. म्हणून तोडणाऱ्याने आत शिरून जून काढावे, कोवळे राखावे, बुंध्याशी एक पेर ठेवून त्याच्यावर छाट द्यावा, आणि पावसाळ्यात कोयता लावू नये, असा रिवाज आहे. सागाचे झाड तोडले की ते झाड गेले; बेटातून मात्र तोडणे हेच बेट राखणे असते. पण केवळ हात जाणता असेल तर. उतावळ्या हाताखाली, आधी बाहेरचे कोवळे, हाताशी लागणारे तेच जाते, आणि दोन-तीन हंगामांत बेट संपते. दोन्ही हातांनी तोडलेल्या बांबूची पट्टी मात्र दुकानात सारखीच दिसते, सारखीच वाजते आणि तितकीच वर्षे टिकते.

येथे मला जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. नाणेघाटातून माल वर येई, घाटमाथ्यावर जकात घेतली जाई, आणि त्या व्यापारावर पोसलेल्या जुन्नरभोवतीच्या डोंगरांत भिक्षूंसाठी शेकडो लेणी कोरली गेली. दात्यांनी त्या लेण्यांना जी दाने दिली त्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले एक सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके आहे. आणि एक लेख असा आहे की त्यात रक्कम ठेवली आहे ती वंशकारांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे. वंशकार म्हणजे वेळूचे काम करणारे; आजच्या भाषेत बुरूड. अशा ठेवीला त्या काळी अक्षयनीवी म्हणत. मुद्दलास हात लावावयाचा नाही, व्याजातून धर्मकार्य चालवावयाचे, आणि हे यावच्चंद्रदिवाकरौ चालावे अशी अपेक्षा.

सूप, टोपली, डालगे, कणगी, इरल्याचा सांगाडा अशा नाशिवंत वस्तू करणाऱ्या लोकांपाशी अक्षय ठेव ठेवावी हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. सोनारापाशी ठेवावी, जमीनदारापाशी ठेवावी. बुरुडाची टोपली तर दोन पावसाळे पाहील न पाहील. परंतु ठेव ठेवणाऱ्याने टोपलीकडे पाहिले नसावे, ज्या बेटातून टोपली येते त्या बेटाकडे आणि ते बेट ज्यांना राखता येते त्या हातांकडे पाहिले असावे, असे मानावयाचा मोह मला होतो. ज्यांचा सबंध धंदाच मुद्दल राखून व्याज तोडण्याचा, त्यांच्याइतके जबाबदार पेढीवाले आणखी कोण? हा तर्क माझा आहे, शिलालेखाचा नव्हे. तेथून जवळच नाणेघाटाच्या लेण्यात नागनिका राणीच्या नावे प्रसिद्ध असलेला लेख आहे, यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या हजारोंच्या संख्येतील गाई नि कार्षापण यांचे आकडे त्यात आहेत, आणि भिंतीवर सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या ज्या दगडी मूर्ती होत्या त्यांची आज केवळ पावलांची खूण नि डोईवरची नावे उरली आहेत. दगड निवडणाऱ्यासही टिकाऊपणाचा हिशेब पुरता जमला नव्हता.

आता वेळू पायांखाली घ्यावा की न घ्यावा, या नेमक्या प्रश्नावर एक जुना निवाडाही आहे. विनयपिटकाच्या महावग्गात कथा येते की काही भिक्षूंनी तालवृक्षाची कोवळी रोपे तोडून त्यांच्या पानांच्या पादुका केल्या, रोपे सुकून गेली, आणि लोक कुरकुरू लागले की हे शाक्यपुत्र श्रमण एकेंद्रिय जीवाला पीडा देतात. बुद्धांनी त्या पादुका वर्ज्य केल्या. तेव्हा त्याच भिक्षूंनी कोवळे वेळू तोडून वेळूच्या पानांच्या पादुका केल्या; वेळू सुकले, लोक पुन्हा कुरकुरले, आणि त्याही वर्ज्य झाल्या. वनस्पतीत जीव आहे की नाही याचा तात्त्विक निर्णय तेथे दिलेला नाही. लोक वनस्पतीला सजीव समजतात, एवढेच कारण पुढे केले आहे. आणि आक्षेप वेळूवर नाही. वेळुवन हा तर संघाला मिळालेला पहिला आराम, बिंबिसार राजाने राजगृहाजवळ दिलेला. आक्षेप कोवळ्यावर आहे. म्हातारीने जे विचारले तेच.

मग भाचीच्या हातातल्या पट्टीचे काय? ती कशी होते ते मी नंतर चौकशी करून समजून घेतले. पक्क्या बांबूच्या चिरफळ्या काढतात, वरची हिरवी साल नि आतला मऊ भाग तासून टाकतात, पट्ट्या उकळतात, कारण बांबूतले पिष्ट हेच भुंग्याचे अन्न, टाकणखाराच्या द्रावणात मुरवितात, वाळवितात, आणि डिंक लावून उष्ण दाबाखाली फळ्या करतात. वाफेने भाजून काळपट केलेली पट्टी दिसायला सुंदर पण किंचित नरम. तंतू कुटून राळेत दाबलेली सर्वांत कठीण. म्हातारीच्या नाकाला जो भलता वास आला तो बहुधा या राळेचा. आमच्या लोकांनी किडीवर काढलेला उपाय वाहत्या पाण्यात बांबू बुडवून ठेवण्याचा किंवा चुलीवरच्या माळ्यावर धुरात टाकण्याचा; कृष्णपक्षात तोडलेल्याला कीड लागत नाही ही समजूतही सर्वत्र आहे. जगाच्या बाजारातली बहुतेक पट्टी चीनमधील मोसो जातीची असते, आणि येथे म्हातारीचा प्रश्न शब्दशः घेतला तर फसतो: मोसोला बेट नसतेच, त्याची मुळे भुईखालून दूरवर धावतात आणि वन होते. तरी तेथील शेतकरीही कळकावर शाईने त्याचे जन्मवर्ष लिहून ठेवतात, म्हणजे कोवळे-जून यांचा हिशेब त्यांच्यापाशीही आहे. हा हिशेब समुद्र ओलांडून पुण्याच्या दुकानापर्यंत येत नाही, ही खरी अडचण.

आपल्या देशातही तो धड येत नव्हता, आणि त्याचे कारण गमतीचे आहे. 1927च्या वन कायद्याने बांबूला वृक्ष ठरविले, आणि 2017 साली कायदा दुरुस्त होईपर्यंत, म्हणजे 90 वर्षे, हे गवत सरकारदप्तरी झाड म्हणून नांदले. स्वतःच्या बांधावरचा कळक तोडून नेणाऱ्या शेतकऱ्याला वाहतुकीच्या परवान्यासाठी हेलपाटे पडत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने मात्र 2006च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन आपल्या जंगलातील बांबूवर आपली मालकी सिद्ध केली, आणि 2011च्या एप्रिलात त्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. तेव्हापासून तेथे तोड किती, कोठे, कोणत्या वयाची, हे गाव बसून ठरवू शकते. दिल्लीच्या नव्या संसदभवनात त्रिपुरातील बांबूची जमीन घातली आहे, याचे कौतुक वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाले. मेंढ्याच्या परवान्याचे त्या मानाने थोडे झाले. मला विचाराल तर बांबूच्या जमिनीच्या इतिहासात दुसरी घटना मोठी आहे.

इतके सारे मी भाचीला सांगत होतो, सारवलेल्या भुईचे गुणगानही ओघात चालले होते, आणि आठ दिवसांच्या सारवणाला मी जवळजवळ सहावा महायज्ञ ठरवून टाकला होता, तेव्हा म्हातारी मध्येच म्हणाली, "आमाला पन पुढल्या वर्षी माघारल्या खोलीत लादी बसवायचीये, बाबा. सारवाया कंबर ऱ्हायली न्हाई."

सून आतून हसली. मी गप्प झालो. जो यज्ञ पुरुषाने वर्णावा आणि बाईच्या कमरेने करावा तो यज्ञ कसला? शेण आणण्यापासून पोतेरा फिरविण्यापर्यंत त्या भुईचा सारा या घरातल्या पुरुषांनी कधी भरला नव्हता, आणि माझ्या आजोळच्या माजघरातही तो माझ्या मामांनी भरलेला मला आठवत नाही. म्हातारीने लादी बसवावी. ती बसविण्याचा तिला माझ्या भाचीपेक्षा अधिक अधिकार आहे. तिच्याकडून घेण्यासारखे जे होते ते शेण नव्हते, तो बेटाचा प्रश्न होता.

एक शंका राहते, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बेट म्हणजे मुद्दल असे मी म्हटले, पण तेही अक्षय नाही. कळकाला काही दशकांतून एकदाच फुलोरा येतो, सबंध टापूतली बेटे एकदमच फुलतात, आणि बी धरून मरतात. मिझोराममध्ये 48 वर्षांच्या अंतराने असा फुलोरा येतो. 1959च्या सुमारास आला तेव्हा बियांवर उंदीर माजले, त्यांनी शेते खाल्ली, आणि दुष्काळ पडला. आपल्याकडे त्याच बियांचा वेणुयव म्हणून श्रौतविधीत नैवेद्य होत असे. म्हणजे व्याज खाऊन मुद्दल राखणाऱ्यालाही एक दिवस मुद्दल बुडताना पाहावे लागते, आणि बियांतून नवे बेट उभे राहीपर्यंत वाट पाहावी लागते. वंश या एकाच शब्दाने आपण वेळूही सांगतो आणि कूळही सांगतो, वेळू चुलीत जाळीत नाही, लग्नाच्या मांडवालाही तोच लावतो आणि तिरडीलाही तोच, त्यामागे हेच ज्ञान असेल काय, हे मी ठामपणे म्हणू शकत नाही. एवढे खरे की ज्याला वीस वर्षांची हमी हवी आहे त्याला हे जग फार अपुरे वाटेल, आणि ज्याला आठ दिवसांची सवय आहे त्याला ते पुरेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीवधनची अर्धी चढण चढून, माझ्या गुडघ्यांनी नकार दिल्यामुळे, परत आलो. उतरताना वाटेवर एक बेट लागले; भाचीने आत डोकावून पाहिले आणि जून झालेल्या कळकांवर पांढुरके डाग पडतात हे तिने आपले आपण शोधून काढले. निघताना त्या तीन पट्ट्यांपैकी कॉफीच्या रंगाची म्हातारीने मागून घेतली, रांजणावरच्या झाकणाचा एक कोपरा मोडला होता त्याला टेकण म्हणून.

पुण्यास आल्यावर भाचीने दुकानात जाऊन बेटाची चौकशी केली. माल कोणत्या बंदरातून येतो तेवढे दुकानदाराला माहीत होते, त्यापलीकडे नव्हते. तेव्हा तिने कुडाळच्या आणि चंद्रपूरच्या बाजूला बांबूचे काम करणाऱ्यांकडे पत्रे पाठविली आहेत. उत्तरे यावयाची आहेत. दरम्यान शहाबादीच्या दोन फुटक्या लाद्या तिने बदलून घेतल्या.